६ बाय १२ चा कार्गो ट्रेलर राहण्याजोगा करायचाय: वजन, ऊब, मोरी, स्वयंपाक

पायवाट:

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत सोलर प्लांटच्या उभारणीवर कामाला आहे. पत्ता ॲरिझोनातल्या टूसॉनचा, पण तिथे राहणं कमीच. साइट बदलली की बाडबिस्तरा उचलायचा. मागच्या खेपेला न्यू मेक्सिकोत डेमिंगच्या बाहेर होतो, आता विलकॉक्सला निघालोय, पुढे युमाचं ऐकतोय. एकेका ठिकाणी पाच-सहा महिने. एवढ्याशा मुदतीसाठी घर भाड्याने मिळत नाही आणि मोटेलात राहिलं की पगाराचा मोठा हिस्सा तिथेच जिरतो. त्यात मोटेलच्या खोलीत स्वयंपाकाची सोय म्हणजे एक मायक्रोवेव्ह. मला रोज वरण-भात लागतो.

आमच्या गल्लीतला एक बागकामवाला धंदा आवरतोय. त्याचा बंदिस्त कार्गो ट्रेलर विकायला आहे. ६ फूट रुंद, १२ फूट लांब, एकच ॲक्सल, समोरचं तोंड निमुळतं. बाजूला एक दार, मागे खाली पडणारा रॅम्प. आतून प्लाय मारलेला. पाटीवर एकूण वजनमर्यादा २,९९० पौंड. २,४०० डॉलर सांगतोय. माझी गाडी टोयोटा टाकोमा, चार सिलिंडरची, ओढायची क्षमता ३,५०० पौंड.

एकटाच आहे, लग्न व्हायचंय. ट्रेलरची किंमत सोडून पाच हजार डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. वीज मी बघून घेईन, तेच माझं काम आहे. पण बाकीचं कुठून सुरू करावं कळत नाही. व्हिडिओंत सगळे आधी लाकडाच्या भिंती आणि फेअरी लाइट दाखवतात. आपल्यापैकी कुणी हे करून त्यात राहिलंय का? स्वयंपाक, अंघोळ, संडास या गोष्टी आपल्या सवयीने कशा जमवल्या?

ह्यूस्टनचा बापू:

पायवाट, राहिलेलो नाही, पण पंधरा वर्षं ट्रेलर ओढतोय, म्हणून ओढण्यापुरतं बोलतो.

तुमचा ट्रेलर रिकामा बाराशे ते पंधराशे पौंडांच्या मधे कुठेतरी भरेल. २,९९० मधून ते वजा करा. उरलेल्यात भिंती, पलंग, बॅटऱ्या, पाणी, कपडे, तांदूळ सगळं बसवायचंय.

२,९९० आकडा कुठून येतो तेही सांगतो. ॲक्सल सहसा ३,५०० पौंडांचा असतो. पण बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून बनवणारे पाटीवर मर्यादा १० पौंड खाली ठेवतात आणि ब्रेक लावतच नाहीत. तुमच्या ट्रेलरला बहुधा ब्रेक नसतील. खाली वाकून चाकांच्या आतल्या बाजूला वायर गेलीय का बघा. नसेल तर ॲक्सलच्या टोकाला चार बोल्टची पट्टी आहे का पाहा. ती असेल तर इलेक्ट्रिक ब्रेक नंतरही बसवता येतात. तुम्ही त्यात कायम राहणार, म्हणजे भरलेला ट्रेलरच ओढणार. माझ्या मते ब्रेक पहिल्या खर्चात धरा.

दुसरं, हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे, पडणारं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पाहिजे. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही मागच्या टोकाला ठेवल्या की पुढचं हलकं होतं आणि वेगात ट्रेलर झोकांड्या खायला लागतो. तसं झालं तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. तेवढ्यासाठी ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर गाडीत हाताला लागेल असा बसवा.

मिरजेची शैला:

पायवाट, वयाने माझ्या भाच्याएवढा असशील, म्हणून अरे-तुरे करते.

मी मिरजेत नर्सिंग शिकले. इथे ट्रॅव्हल नर्स आहे. बहुतेक करार तेरा आठवड्यांचे, संपला की पुढचं गाव. गॅलप, फार्मिंग्टन, कोलोरॅडोत ड्युरँगो असं फिरणं चालू असतं. ७ बाय १४ चा, दोन ॲक्सलचा ट्रेलर मी आणि माझ्या शेजाऱ्यांनी मिळून घर केला. ते निवृत्त सुतार. सध्या त्यातच बसून हे लिहितेय. तुझ्यापेक्षा माझी जागा थोडी मोठी, पण प्रश्न तेच.

बापूंनी वजनाचं सांगितलं तिथूनच सुरुवात कर. लाकूड घ्यायच्या आधी एका वहीत प्रत्येक वस्तूचं वजन लिही. पाऊण इंची प्लायचा एक तक्ता साठ पौंडांच्या पुढे जातो. लोक त्याचीच कपाटं, त्याचाच पलंग करतात आणि चार-पाच तक्त्यांत तीनशे पौंड गेले. आमच्या सुतारकाकांनी एक बाय दोनच्या पाइनच्या पट्ट्यांचा सांगाडा केला आणि वर पाव इंची प्लाय लावला. तीन वर्षांत एक सांधा हललेला नाही. कपाटांना दारं नाहीतच, प्लास्टिकचे क्रेट सरकवते. पाणी गॅलनला आठ पौंडांहून जास्त, म्हणजे वीस गॅलनची टाकी भरली की एकशे सत्तरच्या जवळ. मी प्रवासात टाकी जवळजवळ रिकामी ठेवते आणि मुक्कामी पोचल्यावर भरते. बॅटरी लिथियमचीच घे. शंभर ॲम्पिअर-अवरची लिथियम तीस पौंडांच्या आत असते, लेड ॲसिड साठच्या वर.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. वाफ.

तुझ्या ट्रेलरची आतली जागा पाचशे घनफुटांच्या आत आहे. त्यात तू रात्रभर झोपलास तर नुसत्या श्वासाने आणि घामाने पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी हवेत जातं. सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की त्यात भर. ओला टॉवेल आत वाळत घातला, आणखी भर. हे पाणी कुठेतरी बसणार. ते सगळ्यात गार जागी बसतं, आणि ट्रेलरमध्ये सगळ्यात गार जागा म्हणजे भिंतीतल्या पोलादी बरगड्या आणि त्यांच्यामागचा ॲल्युमिनियमचा पत्रा.

गॅलपला आर. व्ही. पार्कमध्ये (चाकांवरची घरं भाड्याने उभी करायची जागा) माझ्या शेजारी एकाचा असाच ट्रेलर होता. जानेवारीतली सकाळ, बाहेर शून्याच्या बऱ्याच खाली. त्याने आत बोलावलं म्हणून गेले. भिंतीच्या प्लायवर उभ्या ओळींत स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर हिमाचा पांढरा दाणा बसलेला. बरगडी कुठून जाते ते भिंत न उघडता सांगता येत होतं. त्या दाण्यांना हात लावला तर बोटाखाली पाणी झालं आणि प्लायवर ओघळलं. खाली गादी थेट फळीवर टाकलेली होती. उचलून बघितली तर तिच्या तळाला काळी बुरशी. माणूस आठवडाभर खोकत होता आणि त्याला वाटत होतं सर्दी आहे.

म्हणून भिंतीचा प्लाय आधी काढ. जुना ट्रेलर असल्यामुळे आत गंज आणि गळती बघायलाही तो काढावाच लागेल. बरगड्यांच्या मधल्या खाचांत त्या जाडीचा फोम नीट कापून बसव. गुलाबी किंवा निळा एक्स. पी. एस. फोम मिळतो, त्याची उष्णता अडवायची ताकद (आर-व्हॅल्यू) इंचाला साधारण आर-५ धरतात. कडा स्प्रे फोमने बुजव. मग त्याच्यावरून, बरगड्याही झाकल्या जातील असा, अर्धा इंच फोमचा सलग थर दे. सांध्यांना फॉइलची चिकटपट्टी. हा दुसरा थर लोक वाचवतात, कारण आतली जागा दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच कमी होते. पण पोलाद उघडं राहिलं तर मधल्या फोमचा निम्मा उपयोग गेलाच. छताला तर अजिबात वाचवू नकोस. तुझ्याकडे ॲरिझोनाचं ऊन आहे.

दुसरं, छतातला पंखा. १४ बाय १४ इंचांच्या भोकात बसणारा, आतली हवा बाहेर फेकणारा. बऱ्याच ट्रेलरना तेवढ्या मापाचं व्हेंट आधीपासून असतं, तुझ्याला आहे का बघ. पण नुसता पंखा लावून भागत नाही. हवा आत यायला खाली, पंख्यापासून लांब, वाट पाहिजे. मी झोपते तिथली खिडकी थंडीतही बोटभर उघडी असते आणि पंखा सगळ्यात हळू. ऊब थोडी जाते, जाऊ दे.

आता स्वयंपाक. आत गॅसची शेगडी घेऊ नकोस, इंडक्शन घे. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं, एक पौंड गॅसमागे दीड पौंडाहून जास्त. म्हणजे अन्नाची वाफ वेगळी आणि आगीची वेगळी. कुकर इंडक्शनवर चालणाऱ्या तळाचा घे. मी शिट्ट्यांचा कुकर बाहेरच्या टेबलावर लावते आणि आत फक्त इलेक्ट्रिक प्रेशर कुकर. त्याला शिट्टी नाही, वाफ आतच राहते. वरण-भात दोन्ही एकदम, डब्यांत. शिजल्यावर बटण दाबून वाफ सोडायची नाही, प्रेशर आपोआप उतरू द्यायचं.

फोडणी मात्र बाहेरच. वादच नको. बहात्तर चौरस फुटांत मिरची तडतडली की तू दार उघडून पळशील, आणि हिंग-मोहरीचा वास उशीत महिनाभर राहील. मी गाडीच्या मागच्या उघडणाऱ्या फळीवर (टेलगेटवर) लहानशी शेगडी ठेवते, कढल्यात फोडणी करते आणि तीच आत आणून वरणावर ओतते. पावसात ताडपत्री. विलकॉक्सला वारा खूप असतो, शेगडीला आडोसा करून घे.

पायवाट:

शैलाताई, काय लिहिलंत! वही आजच उघडली. अरे-तुरेच करा.

विजेचं माझं गणित असं: इंडक्शन १,२०० वॅटवर चालवला तर १२ व्होल्टच्या बाजूने शंभराहून जास्त ॲम्पिअर जातात. म्हणून दोन बॅटऱ्या, म्हणजे अडीच युनिटच्या आसपास, २,००० वॅटचा इन्व्हर्टर, जाड केबल, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. छतावर ४०० वॅट. वरण-भाताला अर्धं युनिटही लागणार नाही.

राहिलेले प्रश्न: थंडीत हीटर कोणता? आणि संडास-अंघोळीचं कसं करता? ते कंपोस्ट टॉयलेट सगळे सुचवतात.

मिरजेची शैला:

कंपोस्ट टॉयलेट आपल्याला चालत नाही. ते चालतं कोरडेपणावर. त्यात लघवी वेगळ्या भांड्यात जाते आणि मागचा कप्पा कोरडा राहिला तरच वास येत नाही. आपण पाणी वापरणार. ते पाणी त्या कप्प्यात गेलं की सगळा चिखल. मी पोर्टेबल कॅसेट टॉयलेट वापरते. वरच्या टाकीत स्वच्छ पाणी, खालच्या टाकीत पाच गॅलनच्या आसपास मावतं, मधे सरकती झडप. शेजारी पाण्याची पिळायची बाटली. खालची टाकी सुटी करून डंप स्टेशनवर ओतायची आणि धुवायची. आर. व्ही. पार्कमध्ये, काही पेट्रोल पंपांवर, बऱ्याच स्टेट पार्कमध्ये सोय असते. एकट्या माणसाला तीन-चार दिवस पुरते. काम किळसवाणं वाटेल, पण दहा मिनिटांत होतं आणि ट्रेलरमध्ये वास राहत नाही. दीडशे डॉलरच्या आसपास काम झालं, आणि गरज संपली की उचलून बाजूला ठेवता येतं.

अंघोळीला बादली आणि तांब्या. इथले लोक शॉवरसाठी टाकी, पंप, गॅस गीझर, सांडपाण्याची टाकी असा दीड-दोनशे पौंडांचा संसार उभा करतात. आपल्याला अर्ध्या बादलीत, दहा लिटरमध्ये, डोक्यावरून अंघोळ येते. हार्डवेअरच्या दुकानात सिमेंट कालवायचा काळा प्लास्टिकचा टब मिळतो, दोन फूट बाय तीन फुटांचा. तो जमिनीवर ठेवायचा, वर छताला गोल पडदा, आणि आत बसून अंघोळ. पाणी टबात साठतं ते ओतायला नेते. इलेक्ट्रिक किटलीत तीन लिटर उकळून गार पाण्यात मिसळलं की झालं. अंघोळ संपेपर्यंत पंखा पूर्ण जोरात. केस धुवायचे असतील तेव्हा मी जिमला जाते. जिमचा महिन्याचा पास मुळात शॉवरसाठीच काढलाय.

आता हीटर. हे नीट वाच.

लहान डिझेल हीटर येतो, २ किलोवॅटचा. तो जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो, आत फक्त गरम कोरडी हवा येते. वाफेच्या दृष्टीनेही उत्तम. त्याचा धुराचा पाइप ट्रेलरच्या पोटाखालून बाजूपर्यंत बाहेर काढायचा आणि दाराच्या, खिडकीच्या, हवा आत घेण्याच्या जागेपासून लांब. आर. व्ही. पार्कमध्ये वीज असेल तर साधा ऑइल भरलेला इलेक्ट्रिक रेडिएटर सगळ्यात सुरक्षित.

प्रोपेनच्या छोट्या सिलिंडरवर बसणारा जाळीचा हीटर आत लावून झोपायचं नाही. खोक्यावर ‘घरात चालतो’ लिहिलेलं असलं तरी नाही. मी इमर्जन्सीत बारा वर्षं काढली आहेत. कार्बन मोनॉक्साइडचे पेशंट हिवाळ्यात येतात. डोकं दुखतं, मळमळतं, सगळ्यांना फ्लू वाटतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, कारण तो ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखू शकत नाही. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. झोपेत असलेल्या माणसाचं तर डोकंही दुखत नाही, तो उठतच नाही. आई-वडिलांना फोन करायचं काम मी केलेलं आहे. ते तुझ्या घरी कुणाला करावं लागू नये.

दोन डिटेक्टर घे. कार्बन मोनॉक्साइडचा पलंगाजवळ, श्वासाच्या उंचीवर. प्रोपेनचा जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. शेगडीचा सिलिंडर बाहेर, हिचच्या दांड्यावर. आत कधीच आणायचा नाही, थंडी असली तरी.

आणि युमाचं स्पष्ट सांगते. तिथे जुलैत ४० अंशांच्या वरचं तापमान नेहमीचं. ५,००० बी. टी. यू. चा खिडकीतला छोटा ए. सी. साडेचारशे-पाचशे वॅट घेतो. तुझ्या ४०० वॅटच्या पॅनेलवर आणि दोन बॅटऱ्यांवर तो रात्र काढणार नाही. मे ते सप्टेंबर युमाला विजेची जोडणी असलेली जागा मिळाली तरच ट्रेलरमध्ये राहा. नाही मिळाली तर त्या काळापुरतं मोटेल घे. तेवढे पैसे जाऊ देत.

सनद:

कागदपत्रांची बाजू मी सांगतो.

पायवाट, तुमचं ग्रीन कार्ड आहे की व्हिसा, ते लिहिलं नाहीत. दोन्हीत एक नियम सारखा आहे: पत्ता बदलला की दहा दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला ए. आर.-११ फॉर्मने कळवायचं. ऑनलाइन होतं, फी नाही. फिरतं राहणाऱ्यांच्या हातून हेच सुटतं. त्यात प्रत्यक्ष राहण्याचा पत्ता आणि टपालाचा पत्ता वेगवेगळे देता येतात. एच-१बी असेल तर साइट बदलल्यावर कंपनीलाही कागद करावे लागू शकतात, ते वकिलाला विचारा.

ट्रेलर उभा कुठे करायचा हेही आधी ठरवा. बी. एल. एम. (केंद्र सरकारचं जमीन खातं) च्या बऱ्याच मोकळ्या सरकारी जमिनींवर एका जागी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं, मग हलावं लागतं. क्वार्टझाइटजवळ ला पोसा आणि युमाजवळ इंपीरियल डॅम इथे दीर्घ मुक्कामाच्या जागा आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवाना काढून हंगामभर राहता येतं. तुमच्या युमाच्या हिवाळ्याला इंपीरियल डॅम सोयीचं पडेल.

आर. व्ही. पार्क घरी बनवलेल्या ट्रेलरला कधी कधी नाही म्हणतात. आधी फोन करा, फोटो पाठवा. बाहेरून नीटनेटका, खिडकी असलेला ट्रेलर असेल तर हो म्हणण्याची शक्यता वाढते. कुणाच्या घराच्या मागच्या अंगणात राहायचं असेल तर त्या गावच्या झोनिंग खात्यात (कुठल्या जागेचा वापर कशासाठी, हे ठरवणारं खातं) विचारा. मालकाची हरकत नसली तरी बऱ्याच गावांत ट्रेलरमध्ये राहायला मनाई असते.

पायवाट:

सनदसाहेब, ग्रीन कार्ड आहे. ए. आर.-११ चं खरंच माहीत नव्हतं. डेमिंगचा पत्ता आज कळवतो. इंपीरियल डॅमचा नकाशा काढून बघितला, साइटवर रोज जाता येईल एवढ्या अंतरात आहे.

बार्शीकर:

सगळं वाचलं, फार छान माहिती. आमच्याकडे शेतावर असं काही करता येईल का? जुना मालवाहू टेम्पो आहे, त्याचा बंद हौदा घरासारखा करायचा विचार आहे.

ह्यूस्टनचा बापू:

बार्शीकर, माझा भाऊ इंदापूरला आहे, त्याने चौकशी केली होती. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनात मूळ बनावटीपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही ते कडक धरलंय. त्यामुळे रस्त्यावर न्यायचं असेल तर आधी आर. टी. ओ. गाठा. शेतावर एका जागीच ठेवायचं असेल तर भावाने केलं तसं करा. न्हावा शेवाकडून २० फुटी जुना कंटेनर आणला, ८ फूट रुंद, रिकामाच सव्वादोन टनांच्या आसपास, क्रेनने उतरवावा लागतो. शैलाताईंचं वाफेचं आणि फोमचं प्रकरण त्याला तसंच लागू आहे, फक्त आपल्याकडे थंडीपेक्षा ऊन. भावाने वर दीड फूट उंचीवर दुसरं पत्र्याचं छप्पर घातलं, मधून वारा खेळतो. त्याने आतली तगमग बरीच कमी झाली.

पायवाट:

मंडळी, काल ट्रेलर बघून आलो. मालकाने सोबत येऊन ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करू दिलं. ट्रेलर १,३६० पौंड भरला. ब्रेक नाहीत, पण ॲक्सलला चार बोल्टची पट्टी आहे, बापू. बरगड्या २४ इंचांवर. खालून फ्रेम बघितली, वरवरचा गंज, हातोडीने ठोकून पाहिली, कुठे भुसभुशीत लागली नाही. मागच्या कोपऱ्यात जमिनीचा प्लाय हातभर मऊ आहे. छताला १४ इंची व्हेंट आहे. टायरवर शेवटचे चार आकडे २३१७.

हे सगळं सांगून २,१०० वर आणला. फोटो टाकले आहेत. उद्या पैसे देतोय.

ह्यूस्टनचा बापू:

२३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी दोन्ही बदला. ट्रेलरचे टायर उभ्या-उभ्या उन्हात म्हातारे होतात आणि वेगात फुटतात. एस. टी. (खास ट्रेलरसाठी बनवलेले) टायर घ्या, आणि त्याच्यावर वेगळा वेग लिहिला नसेल तर ६५ मैलांच्या वर जाऊ नका.

मिरजेची शैला:

ट्रेलर चांगला दिसतोय, घे. मऊ झालेला प्लाय कापून काढ आणि तिथे पाणी कुठून येतंय ते आधी शोध. माझा अंदाज रॅम्पच्या वरच्या कडेचा आहे. तिथलं जुनं सीलंट खरवडून नवं भर, नाहीतर नवा प्लायही सहा महिन्यांत तसाच होईल.

फोटो मोठा करून बघितला, म्हणून ही पुढची गोष्ट. बाजूच्या दाराला बाहेरून लोखंडी अडसर आहे. दांडा फिरवून कडीत अडकवायचा, वर कुलूप. सामान ठेवायच्या ट्रेलरला ठीक आहे. पण तू आत झोपलेला असताना कुणी येता-जाता, नुसत्या खोडीने, तो दांडा फिरवला तर तू आत अडकलास. मागचा रॅम्पही बाहेरूनच उघडतो, त्याचा काही उपयोग नाही. आग लागली तर बाहेर पडायला वाटच नाही.

त्यामुळे फोमच्याही आधी दोन कामं कर. तो अडसर पूर्ण काढून टाक आणि आर. व्ही. चं कुलूप बसव, जे बाहेरून किल्लीने लागतं पण आतून नेहमी उघडतं. ते साठ-सत्तर डॉलरला मिळतं, दाराच्या भोकाचं माप घेऊन जा. आणि पलंगाजवळ, दाराच्या विरुद्ध भिंतीला, खांदे निघतील एवढी खिडकी काढ. तुझ्या बरगड्या २४ वर आहेत, म्हणजे १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच अशी उभी खिडकी मधे बसेल, बरगडी कापावी लागणार नाही. मधली काच किंवा जाळी आतून एका हाताने निघते का ते विकत घेण्याआधी दुकानात करून बघ. बसवताना कडेला ब्युटिलची (चिकट रबराची) पट्टी लाव, नुसत्या सिलिकॉनवर भागवू नकोस.

खिडकी लागल्यावर एकदा रात्री दिवे बंद करून, अंधारात, तिच्यातून बाहेर पडून बघ. गादीवरून उठून, चष्मा न लावता. जमलं नाही तर पलंगाची उंची बदल. अजून सांगाडा ठोकलेला नाही तोवर हे सोपं आहे.

पायवाट:

ताई, अडसराकडे माझं लक्षच गेलं नसतं. शनिवारी आधी कुलूप आणि खिडकी. दाराच्या भोकाचं माप घेतो आणि इथे टाकतो, कोणतं बसेल ते सांगा.

मिरजेची शैला:

भोकाची उंची-रुंदी टाक, आणि दाराची जाडीही. माझी शनिवारी रात्रपाळी आहे, रविवारी दुपारी उठून बघते.